गुलाबाचा काटा आणि मेचनिकॉफ

आधीच एक गोष्ट कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमचा तिसरा विषय, आणि त्यातही पस्तीसच्या वर जायचं म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर माझी रूममेट आधी पोट धरून हसली आणि मग ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्यायला तयार झाली. तिचे आभार. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या, तिच्या नव्हेत.

दुसरी गोष्ट. मी ई अँड टीसीची विद्यार्थिनी. बायोलॉजी दहावीनंतर सोडलं ते सोडलंच. मग मी एका प्राणिशास्त्रज्ञाचं चरित्र का लिहावं? त्याला कारण आहे कोळंबी. हसू नका, सांगते.

माझे काका पालघरकडे खाडीकाठी कोळंबीची शेती करतात. तीन तळी आहेत. ऑगस्टमध्ये बी सोडायचं आणि दिवाळीच्या आगेमागे माल काढायचा. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या फीचा अर्धा भाग त्या मालातून येणार होता. सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेले आणि दुसऱ्याच दिवशी घरातलं वातावरण बदललं. कोळंबी खाते की नाही हे बघायला तळ्यात एक ताटली सोडतात, तिला चेक ट्रे म्हणतात. त्या ट्रेमधलं खाद्य तसंच वर यायला लागलं. कोळंब्या काठाशी येऊन सुस्त पडायला लागल्या. लॅबचा रिपोर्ट आला : विब्रियो जातीचे जीवाणू. चार दिवसांत दोन तळी गेली. तिसऱ्या तळ्यातला माल काकांनी लहान असतानाच घाईने काढला, त्याला काय भाव मिळणार?

त्या रात्री काका बांधावर एकटेच बसले होते. काकूने मला हळूच सांगितलं की जाऊन त्यांच्याजवळ बस, काही बोलू नकोस, फक्त बस. मी बसले. दिव्याभोवती किडे घोंगावत होते आणि आम्ही दोघं एक शब्दही न बोलता ते बघत होतो. मला भीती वाटत होती. कशाची, ते इथे लिहायला नको, तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी मत्स्यशास्त्र शिकलेला एक सल्लागार आला. मी त्याला एकदम बाळबोध प्रश्न विचारला की कोंबड्यांना लस देतात तशी कोळंबीला का देत नाहीत? त्याने सांगितलं की कोळंबीच्या शरीरात आपल्यासारख्या अँटीबॉडी तयारच होत नाहीत, म्हणून आपल्यासारखी लस तिला चालत नाही. तिचं सगळं संरक्षण रक्तात फिरणाऱ्या पेशींवर आणि त्या पेशींच्या आतल्या सिग्नलवर चालतं. सिग्नल हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. आमचाच शब्द की हा! सुट्टीवरून परत आल्यावर कॉलेजच्या लायब्ररीत शोधत बसले आणि त्या शोधात इल्या इलिच मेचनिकॉफ हा माणूस भेटला. त्याचीच ही गोष्ट.

मेचनिकॉफचा जन्म १८४५ साली खारकोवजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांत हा शेंडेफळ. वडील लष्करात अधिकारी. आई ज्यू घराण्यातली, आणि मुलाच्या शिक्षणाला तिचा भक्कम पाठिंबा. हा मुलगा लहानपणापासून किडे, पानं, पाण्यातले जीव यांच्यात रमलेला. पुढे खारकोव विद्यापीठात गेला आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवून मोकळा झाला. (आपल्याकडे उलटं, चार वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांत करणारे महाभाग हॉस्टेलवर आहेतच. असो.)

त्यानंतर जर्मनी, इटली अशी त्याची भटकंती सुरू झाली. नेपल्सला समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांची वाढ कशी होते याचा त्याने अभ्यास केला. अलेक्झांडर कोवालेव्हस्की हा त्याचा मित्र आणि सहकारी. दोघांना मिळून रशियातला मानाचा बेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा मेचनिकॉफ जेमतेम बावीस वर्षांचा होता. १८७० मध्ये तो ओडेसा विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला. वय पंचवीस! म्हणजे आपल्या काही जी.ए.टी.ई.वाल्या सीनियर्सच्या वयात हा वर्गावर शिकवत होता.

हे सगळं वाचताना वाटतं, काय नशीबवान माणूस. पण तसं नव्हतं. १८६९ मध्ये त्याने ल्युडमिलाशी लग्न केलं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं, फक्त हवापालट. तो तिला घेऊन ऊबदार प्रदेश फिरत राहिला, पैशासाठी जादा कामं करत राहिला, त्यात डोळे बिघडले. १८७३ मध्ये मदेइरा बेटावर ती गेली. मेचनिकॉफ पार कोसळला आणि त्याने स्वतःचा जीव संपवायचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला. त्याच्या चरित्रात असं येतं की त्या दिवसांत एकदा दिव्याभोवती फिरणारे किडे त्याला दिसले, आणि इतकं थोडं आयुष्य असलेल्या या जीवांना उत्क्रांतीचा नियम कसा लागू होत असेल, असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला. प्रश्न आला आणि माणूस परत कामाला लागला.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मला काकांचा बांध आठवला.

१८७५ मध्ये त्याने ओल्गाशी दुसरं लग्न केलं. पण संकटं संपली नव्हती. १८८० मध्ये ओल्गाला टायफॉइड झाला आणि ती मरता मरता वाचली. विद्यापीठातलं राजकारण वाढलं. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि सरकारचा फास विद्यापीठांभोवती आवळला. त्याच वर्षी मेचनिकॉफने एका रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, परत परत उलटणारा एक ताप रक्तातून पसरतो का हे बघायला. त्यामागे विज्ञान किती आणि निराशा किती, हे सांगणं कठीण आहे. तो खूप आजारी पडला, पण बरा झाला, आणि या वेळी मात्र जगायची इच्छा घेऊन उठला. १८८२ मध्ये त्याने प्राध्यापकाच्या नोकरीचा राजीनामा दिला.

आता आपण मुख्य प्रसंगाकडे येऊ. इटलीच्या सिसिली बेटावर मेसिना नावाचं बंदर आहे. राजीनाम्यानंतर मेचनिकॉफ बायको आणि तिची धाकटी भावंडं यांना घेऊन तिथे राहायला गेला. वय सदतीस, नोकरी नाही, दिवाणखान्यातच मायक्रोस्कोप मांडलेला. १८८२ च्या डिसेंबरमधला एक दिवस. घरातली सगळी मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडं बघायला गेली. हा एकटाच घरी. काचेसारख्या पारदर्शक असलेल्या तारामाशाच्या पिल्लांमध्ये, म्हणजे लार्व्हांमध्ये, इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी तो बघत होता. या पेशी अन्नाचे कण गिळतात हे त्याला ठाऊक होतं. अचानक त्याच्या मनात आलं, अन्न गिळतात तशा या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का? आपल्या बोटात कुसळ गेलं की तिथे पू होतो. तो पू म्हणजे पेशींची धाव तर नसेल?

तो इतका अस्वस्थ झाला की खोलीत येरझाऱ्या घालायला लागला, समुद्रावरही फिरून आला. प्रयोग अगदी सोपा होता. तारामाशाच्या लार्व्हाला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जासंस्था म्हणावी तशी नाही. अशा जीवाला काटा टोचला आणि तरीही पेशी काट्याभोवती जमल्या, तर ते काम पेशींचं स्वतःचं आहे हे सिद्ध होणार. घराच्या छोट्या बागेत मुलांसाठी संत्र्याच्या जातीचं एक झाड ख्रिसमस ट्री म्हणून सजवलं होतं. त्याच बागेतून त्याने गुलाबाचे काही काटे आणले आणि लार्व्हांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप नाही. आपली सबमिशनच्या आदल्या रात्री असते ना, तशी रात्र. पहाटे उठून बघतो तर काय, प्रत्येक काट्याभोवती पेशींचा घेराव पडलेला!

एवढ्या एका प्रयोगातून इम्युनॉलॉजीची एक आख्खी शाखा सुरू झाली. पुढे व्हिएन्नामध्ये प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना ग्रीक भाषेवरून फॅगोसाइट हे नाव सुचवलं. मराठीत भक्षक पेशी.

पण काटा म्हणजे काही रोग नव्हे. खरा रोग आणि खरी लढाई दाखवायला त्याने १८८४ मध्ये डॅफ्निया निवडला. डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातला टाचणीच्या टोकाएवढा जीव, जो कवचधारी असल्यामुळे आपल्या कोळंबीचा लांबचा भाऊबंद लागतो. शरीर पारदर्शक, त्यामुळे आत काय चाललंय ते सरळ दिसतं. या डॅफ्नियाला एक बुरशी सतावते. तिचे सुईसारखे बीजाणू अन्नाबरोबर पोटात जातात, आतड्याची भिंत भोसकतात आणि शरीराच्या पोकळीत येतात. तिथे भक्षक पेशी त्यांना घेरतात. पेशी वेळेत पोचल्या तर सुईचे तुकडे होतात आणि डॅफ्निया जगतो. बीजाणू जास्त झाले किंवा पेशी कमी पडल्या, तर बुरशी वाढते आणि डॅफ्निया मरतो. इतकं साधं गणित. रोग म्हणजे दोन बाजूंची लढाई आहे आणि निकाल आधीपासून ठरलेला नसतो, हे मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी दाखवणारा हा पहिला मोठा पुरावा. काकांच्या तळ्यात जे झालं ते याच गणिताचं दुसरं उत्तर होतं.

इथे जरा थांबून कोळंबीतल्या सिग्नलबद्दल सांगते, कारण मेचनिकॉफच्या वेळी एक प्रश्न सुटलेला नव्हता. पेशीला कळतं कसं की शत्रू आलाय? आणि लढाई थांबवायची कधी?

याचं उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षं लागली, आणि ते मिळालं फळमाशीत. टोल नावाचा एक जीन आधी माशीच्या अंड्यातल्या वाढीसाठी ओळखला गेला होता. (जर्मन भाषेत टोल म्हणजे भन्नाट. आपल्या टोलनाक्याशी संबंध नाही.) १९९६ मध्ये फ्रान्समधल्या झूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं की हाच टोल माशीला बुरशीपासून वाचवतो. हॉफमन यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पुढे कोळंबीतही हीच यंत्रणा सापडली.

ती थोडक्यात अशी. जीवाणूच्या भिंतीचे तुकडे रक्तात ओळखले जातात. मग स्पॅट्झल नावाचं प्रोटीन कापलं जातं आणि ते पेशीवरच्या टोल रिसेप्टरला जाऊन चिकटतं. म्हणजे बेल वाजली. पेशीच्या आत डॉर्सल नावाचं प्रोटीन तयार बसलेलं असतं, पण त्याला कॅक्टस नावाच्या दुसऱ्या प्रोटीनने धरून ठेवलेलं असतं. बेल वाजली की कॅक्टस नष्ट होतं, डॉर्सल सुटतं आणि पेशीकेंद्रात जाऊन जीवाणूंना मारणारी छोटी प्रोटीन्स बनवायचा हुकूम देतं. आयएमडी नावाची दुसरी अशीच वाट आहे, तिच्या टोकाला रेलिश नावाचं प्रोटीन आहे. आणि गंमत पुढेच आहे. डॉर्सल जे हुकूम सोडतं त्यात एक हुकूम नवीन कॅक्टस बनवण्याचाही असतो! म्हणजे सिग्नल स्वतःच स्वतःचा स्विच बंद करायची सोय करून ठेवतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण जो निगेटिव्ह फीडबॅक घोकतो, तोच हा.

ही सोय नसती तर काय झालं असतं? जीवाणू मारायचा दारूगोळा स्वतःच्या शरीरालाही जाळतो. कोळंबीची शक्ती वाढीऐवजी लढण्यातच संपते. म्हणून बेल वेळेवर वाजणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती वेळेवर थांबणंही.

परत मेचनिकॉफकडे. शोध लागला म्हणजे सगळे टाळ्या वाजवतात असं नाही. १८८६ मध्ये ओडेसाला जीवाणूंवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं आणि मेचनिकॉफ त्याचा प्रमुख झाला. पाश्चरची रेबीजची लस तिथे द्यायला सुरुवात झाली. पण मेचनिकॉफ डॉक्टर नव्हता, म्हणून गावातल्या डॉक्टरांना तो खुपत होता. त्यातच मोठा घात झाला. केंद्राने मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस दिली आणि हजारो मेंढ्या मेल्या. मेचनिकॉफ तेव्हा तिथे नव्हता, पण केंद्राचं नाव गेलं ते गेलंच. मला मात्र त्या मेंढ्यांच्या मालकांचाही विचार सुटत नाही. त्यांचं वर्ष कसं गेलं असेल? चरित्रांमध्ये त्यांची नावं नसतात.

१८८८ मध्ये त्याने ओडेसा सोडलं. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी त्याला थंडा प्रतिसाद दिला होता. पॅरिसला लुई पाश्चर यांनी मात्र त्याला आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळाच देऊन टाकली. पुढची अठ्ठावीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो तिथेच राहिला.

तिथेही वाद होतेच. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की रक्ताच्या द्रवातच विष निकामी करणारे घटक असतात. मग जर्मन गट म्हणायला लागला की प्रतिकार रक्ताच्या द्रवात आहे, पेशींत नाही. मेचनिकॉफ म्हणायचा पेशींत आहे. वर्षानुवर्षं परिषदा गाजल्या. शेवटी १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि जर्मन गटातले पॉल एर्लिख या दोघांना मिळून दिलं गेलं. दोघंही बरोबर होते. अँटीबॉडी जीवाणूला चिकटतात आणि त्यामुळे भक्षक पेशींना तो गिळणं सोपं जातं. कोळंबीकडे यातला एकच भाग आहे, मेचनिकॉफचा.

आपल्या महाराष्ट्राशीही त्याचा एक धागा आहे. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. तोही पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि सुरुवातीला लायब्ररीत नोकरीला लागला. १८९२ मध्ये त्याने कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन मुंबईला आला आणि १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करून तीही आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती हीच. आपण लहानपणी जिचं नाव ऐकलं, तिचा गुरू हा काट्यावाला माणूस!

म्हातारपणी मेचनिकॉफला दह्याचं वेड लागलं. मोठ्या आतड्यातले वाईट जीवाणू विष तयार करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येतं, असं त्याचं मत झालं. त्यावर उपाय म्हणून तो रोज आंबवलेलं दूध घ्यायचा. बल्गेरियातली माणसं असंच दूध पिऊन दीर्घकाळ जगतात असा त्याचा समज होता. त्याच्यामुळे युरोपात दह्याची लाटच आली. मोठं आतडं निरुपयोगी आहे हे त्याचं म्हणणं पुढे टिकलं नाही, पण आतड्यातले जीवाणू आणि आरोग्य यांचा संबंध आहे हा विचार आज जगभर संशोधनाचा विषय आहे. (मेसच्या दह्यात जीवाणू किती आणि पाणी किती, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे.)

१९१६ च्या जुलैमध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, मेचनिकॉफ पॅरिसमध्ये वारला. वय एकाहत्तर. त्याच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत ठेवलेल्या आहेत. ज्या माणसाने तरुणपणी जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याने उतारवयात आयुष्य वाढवायचं कसं यावर पुस्तकं लिहिली. मला त्याच्या नोबेलपेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

काकांचं पुढे काय झालं ते सांगते. बाबांनी माझ्या फीसाठी एज्युकेशन लोन काढलं. काका त्या वर्षी बोलतच नव्हते. मग हळूहळू सावरले. या हंगामात त्यांनी तीनपैकी एकच तळं भरलंय, बीही कमी सोडलंय, बी घ्यायच्या आधी तपासून घेतलंय. यश येईलच असं नाही. मी फोनवर त्यांना मेचनिकॉफ, डॅफ्निया, कॅक्टस सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की तुझ्या परीक्षा कधी आहेत!

तर मित्रमैत्रिणींनो, सांगायचा मुद्दा एवढाच. के.टी. लागते, इयर ड्रॉप होतं, घरून पैसे येत नाहीत, कॅम्पसमध्ये नाव लागत नाही. आतली बेल वाजायला लागते आणि थांबतच नाही. प्रत्येकाकडे ती थांबवणारा कॅक्टस वेळेवर तयार होतोच असं नाही. अशा वेळी कुणीतरी शेजारी येऊन बसावं लागतं. म्हणून हॉस्टेलवर रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीत दिवा दिसला, आणि आत कुणी पुस्तक न उघडता नुसतंच बसलेलं असेल, तर दार वाजवा. काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल. मला त्या बांधावर तरी कुठे काय सुचलं होतं?